विषय : ३८,४१२ उद्गारचिन्हं आणि तुमचं 'शोधा' बटण

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

वीस मिनिटांपूर्वी तुमच्या प्रतिनिधीनं "आणखी काही मदत हवी आहे का?" असं विचारून फोन ठेवला. त्या 'आणखी'पाशी मी अजून अडकले आहे. आधीची मदत कुठली?

हा पाचवा फोन होता. आधीच्या चारांचे तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेत, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगत बसत नाही. (असं मी प्रत्येक फोनवर म्हटलं आणि प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सांगितलं.) जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली. ती मरायच्या आत मी सगळं संगीत नव्या डिस्कवर हलवलं. जे डी:\संगीत होतं ते ई:\संगीत झालं. आतलं एक फोल्डर इकडचं तिकडे केलेलं नाही. फरक एका अक्षराचा. दुसऱ्या दिवशी तुमचा प्लेयर उघडला तर ३८,४१२ गाणी राखाडी, आणि प्रत्येकाच्या पुढे एक उद्गारचिन्ह.

गाण्यावर क्लिक केलं की चौकट येते : 'फाइल सापडत नाही. शोधा?' 'शोधा' दाबायचं, फोल्डरमागून फोल्डर उघडत जायचं, फाइल दाखवायची, की ते गाणं पुन्हा काळं होतं. ते एकच. त्याच अल्बममधलं, त्याच फोल्डरमध्ये शेजारी बसलेलं पुढचं गाणं राखाडीच राहतं. तुमच्या प्रोग्रॅमला आत्ताच घराचा पत्ता दाखवला, तरी त्याच घरातल्या दुसऱ्या माणसासाठी तो पुन्हा पत्ता विचारतो. मी घड्याळ लावून पाहिलं, एका गाण्याला ३० सेकंद लागतात. ३८,४१२ गाण्यांचे झाले ३२० तास. रोज ८ तास नोकरीसारखी बसले तर ४० दिवस. पगार तुम्ही देणार असाल तर कळवा.

पहिल्या फोनवर सल्ला मिळाला : लायब्ररी रिकामी करा आणि सगळं पुन्हा इम्पोर्ट करा. हा सल्ला देणाऱ्याला तुमचा प्रोग्रॅम काय करतो हे माहीत नसावं. तुम्हाला असेल. नव्यानं इम्पोर्ट केलं की तीच फाइल तुमच्या लेखी नवी नोंद होते, नवा आतला क्रमांक मिळतो आणि जुन्या क्रमांकाला चिकटलेलं सगळं गळून पडतं. रेटिंग जातं, कितीदा ऐकलं ते जातं, गाणं लायब्ररीत कधी आलं ती तारीख जाते, आणि प्लेलिस्ट तर सगळ्याच रिकाम्या होतात. एमपीथ्रीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच गाण्याची माहिती लिहायच्या जागेत, रेटिंग आणि मोजणी ठेवायला वर्षानुवर्षं जागा आहे. तुमच्याकडेही 'रेटिंग फाइलमध्ये लिहा' अशी एक खूण आहे. सेटिंगच्या चौथ्या पानावर, अगदी तळाशी, आणि मुळात बंद. ती बंद आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं. लायब्ररी अकरा वर्षांची आहे.

माझ्या गाण्यांच्या फाइली मी स्वतः सांभाळू शकते, त्यासाठी तुमची गरज नाही. तुमच्या हवाली होतं ते दुसरंच. कुठलं गाणं कशानंतर लावायचं, कुठलं तीनदाच ऐकलं आणि कुठलं तीनशे वेळा, हे सगळं. ते तुम्ही डिस्कच्या एका अक्षराला बांधून ठेवलंत.

एक उदाहरण देते, कारण फोनवर दिलं तेव्हा समोरून "ओके मॅडम" एवढंच आलं. बाबांच्या १४ कॅसेट मी संगणकावर उतरवल्या. कॅसेट तिच्याच वेगानं वाजते, घाई करता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात मध्ये उठून बाजू बदलायची. फाइली वेव्ह स्वरूपात आहेत, मिनिटाला साधारण १० एमबी. गाणी कुणाची, कधी भरली, काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून प्रत्येक कॅसेटच्या फोल्डरमध्ये नावं एकसारखी : ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. टॅग कोरे. कुठली बाजू आधी, कुठल्या गाण्याच्या शेवटी बाबांचा खोकला आहे, हे सगळं मी तुमच्या प्लेयरमधल्या शेऱ्यांत आणि 'बाबांची टेप' या प्लेलिस्टमध्ये लिहिलं होतं.

दुसऱ्या फोनवर 'आपोआप शोधा' वापरायला सांगितलं. वापरलं. तुमचा तो शोध नुसतं फाइलचं नाव बघतो. फोल्डर बघत नाही, लांबी बघत नाही, आकार बघत नाही. त्यानं चौदाही कॅसेटींचे सगळे 'ट्रॅक ०१' पहिल्या कॅसेटच्या 'ट्रॅक ०१'ला नेऊन जोडले आणि वर हिरवी पट्टी दाखवली : 'शोध यशस्वी'. प्लेलिस्ट लावली तर चौदा वेळा तेच गाणं. बॅकअप होता म्हणून वाचले. तो घ्यायला तुमच्याकडून कुणीही सांगितलं नव्हतं, हेही नोंदवून ठेवा.

तिसऱ्या फोनवर कॅशे, म्हणजे प्रोग्रॅमनं तात्पुरतं साठवलेलं, साफ करा. चौथ्यावर मी सरळ विचारलं, सगळ्या नोंदींमधला पाथचा, म्हणजे फाइलच्या पत्त्याचा, सुरुवातीचा भाग एकदम बदलता येत नाही का? उत्तर आलं, "मॅडम, ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही."

त्याच रात्री मी ते केलं.

तुमची लायब्ररी म्हणजे साधी एसक्यूलाइटची, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसची, फाइल आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. प्लेयर बंद केला, फाइलची प्रत काढून बाजूला ठेवली, फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ उघडली. एका रकान्यात प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता, डी पासून. ३८,४१२ वेळा तेच 'डी:\संगीत'. एका ओळीची आज्ञा दिली : जिथे हे आहे तिथे ते लिही. दोन-तीन सेकंद लागले असतील. प्लेयर उघडला तर ३७,२७५ गाणी काळी, रेटिंगसकट, तारखांसकट. मी संगणकवाली नाही. ही ओळ मी त्याच संध्याकाळी शिकले. तुमच्याकडे हे करणारी माणसं पगारी आहेत.

राहिली १,१३७. त्यांच्यासाठी आजचा पाचवा फोन. तो जसाच्या तसा देते, कारण तुमच्या 'गुणवत्तेसाठी रेकॉर्ड' केलेल्या फोनांपैकी तुम्ही एकही ऐकत नसणार असा माझा अंदाज आहे.

"मॅडम, फाइल्स तुमच्या डिस्कवर आहेत का?"

"आहेत."

"वाजतात का?"

"बाकी कुठल्याही प्लेयरमध्ये वाजतात. तुमच्यात नाही."

"म्हणजे फाइल्स ठीक आहेत."

"हो."

"मग प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला म्हणून नोंदवू का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं एकच धून, दर वीस सेकंदांनी मध्येच तुटून पहिल्यापासून. संगीताचा प्लेयर विकणारी कंपनी! निदान त्या फाइलचा पाथ तरी तुम्हाला सापडतो, याचं मला कौतुक वाटलं. मग ते परत आले.

"एकूण गाणी किती आहेत म्हणालात?"

"अडतीस हजार चारशे बारा."

थोडा वेळ शांतता. मागे कुणीतरी हसलं. माझ्यावर नसेलही, पण वेळ अचूक साधली होती.

"मॅडम, एवढी गाणी तुम्ही खरंच ऐकता का?"

हे वाक्य मी तेव्हाच कागदावर लिहून घेतलं. तुमच्या जाहिरातीत लायब्ररी 'अमर्याद' आहे. गाणी अमर्याद ठेवा, पण ऐकण्याचा हिशेब ग्राहक सेवेला द्या, असं तिथे कुठे छापलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, "ऐकते. आकडे तुमच्याच प्रोग्रॅमनं मोजलेत, बघा." त्यावर त्यांनी विचारलं, मग बाकीची ३७ हजार कशी परत आली? मी खरं सांगितलं. तेव्हा आवाजच बदलला. "डेटाबेसला तुम्ही हात लावला असल्यामुळे तुम्हाला यापुढे सपोर्ट देता येणार नाही." जे शक्य नाही असं तुम्ही म्हणालात, ते मी करून दाखवलं, आणि शिक्षा मला! त्यानंतर ते 'आणखी काही मदत'.

त्या मुलावर माझा राग नाही. समोरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असेल तेच तो वाचत होता. ते ज्यांनी लिहिलं, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

आता त्या १,१३७ गाण्यांबद्दल. हे मी एका ओळखीच्या मुलाच्या मदतीनं शोधून काढलं, तुम्हाला फुकट देते. हलवताना मध्ये दोन दिवस सगळं संगीत मॅकच्या एका जुन्या डिस्कवर होतं. तिथली फाइली साठवायची एचएफएस प्लस पद्धत नावातली 'ऱ'सारखी एकसंध अक्षरं सुटी करून साठवते. 'तऱ्हेवाईक' नावाचं माझं एक फोल्डर आहे. त्यातला 'ऱ' आधी एक अक्षर होता, आता तो 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांत आहे. डोळ्यांना फरक शून्य. विंडोजच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं, आणि तुमचा प्लेयर जुनंच नाव मागत बसतो. ज्या ज्या नावात दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या आहेत ती सगळी गाणी हरवली. 'ग़ज़ल' नुक्त्यासकट लिहिलं होतं, तीही गेली. तुमच्या यादीत मराठीचं नाव आहे, मेनू मराठीत आहेत. नावं जुळवण्याआधी दोन्हीकडची अक्षरं एका रूपात आणायची असतात, एवढं करणाऱ्याला 'ऱ' कधी भेटलाच नसेल का?

बरं, हे अवघड म्हणून सोडून देऊ. सोपं तरी करा. गाण्याचा पत्ता डिस्कच्या अक्षरापासून न लिहिता संगीताच्या मूळ फोल्डरपासून लिहा आणि ते मूळ फोल्डर कुठे आहे हे सेटिंगमध्ये एकदाच विचारा. माझी नवी डिस्क बाहेरून लावायची आहे. आधी पेन ड्राइव्ह खोचलेला असला की ई ची एफ होते, म्हणजे हा सगळा खेळ पुन्हा. एमथ्रीयू प्लेलिस्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल, तिच्यातही असा अर्धा पत्ता चालतो, आणि तुमचा प्लेयर ती बाहेर काढताना मुद्दाम डी पासून सगळं लिहितो. 'शोधा' दाबून एक गाणं दाखवल्यावर शेजारची गाणी स्वतः शोधा. आणि 'आपोआप शोधा' निदान लांबी तरी बघू दे. ज्यांच्याकडे डी मोकळं असेल त्यांना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन नव्या डिस्कला जुनं अक्षर द्यायला सांगा, दोन मिनिटांत सुटतील. माझं डी अडलेलं आहे म्हणून मला ते लागू नाही, पण पाच फोनांत हे एकदाही कुणाच्या तोंडून आलं नाही. कॅशे साफ करा मात्र आलं. तीनदा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. उरलेल्या सात महिन्यांची वर्गणी परत हवी आहे, किंवा मला सपोर्टमधून बाहेर काढल्याचा निर्णय मागे घेऊन त्या १,१३७ गाण्यांचं काम करून हवं आहे. दोन्हींपैकी काही झालं नाही तर मी रेटिंग आणि तारखा बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेईन. रकाने मला आता पाठ आहेत. आणि तुमचा प्लेयर मीच ज्या आठ-दहा जणांच्या गळ्यात मारला, त्यांचीही लायब्ररी हलवून देईन. सगळ्यांत पहिल्यांदा तुमचा प्लेयर मी एका सुट्टीत दिवसभर गाणी लावत बसून शिकले होते, तेव्हा तो चांगला होता. म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर फोन ठेवल्या ठेवल्या काढून टाकला असता.

फोन करू नका.

तुमची अजून सात महिने ग्राहक

ता. क. : हे पत्र लिहिता लिहिता 'तऱ्हेवाईक'मधलं एक गाणं 'शोधा' दाबून हातानं जोडलं. राहिली १,१३६.