नांगराची साखळी आणि हॉर्टेनची खोली

तीर्थरूप आई व बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे दोनदा ठरवले, दोन्ही वेळा आईने जेवणाचे विचारले आणि विषय राहून गेला, म्हणून लिहीत आहे. पुढच्या बोटीचा करार मी घेतलेला नाही. ऑगस्टमध्ये दोन वर्षांसाठी नॉर्वेला शिकायला जात आहे; प्रवेश झाला, फीही भरली. तुम्हांला न विचारता ठरवले याचा राग येईल, आणि तो रास्तच आहे.

बाबा, मी समुद्र सोडत नाही. प्रमाणपत्र चालू ठेवायचे तर पाच वर्षांत १२ महिने बोटीवर काढल्याचे दाखवावे लागते, आणि ते मी काढणार आहे. पण तिकडे हेरोयाच्या कारखान्यातून ब्रेविक बंदरात खत पोहोचवणारी ‘यारा बिर्कलँड’ ही ८० मीटर लांबीची, विजेवर चालणारी बोट २०२२ पासून फेऱ्या करते आहे. आरंभी तिच्यावर माणसे ठेवली ती चुकले तर हात घालण्यासाठी. पुढे तिने माणसांवाचून जावे आणि हॉर्टेन गावातल्या एका खोलीतून कोणी तिच्यावर लक्ष ठेवावे, असा बेत आहे. तुम्ही म्हणाल, ही तर आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची थोरली बहीण! खरे आहे, तुमच्या-माझ्या बोटी इतक्यात माणसांवाचून चालणार नाहीत. परंतु आमचे शिक्षण ज्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारावर चालते, तो २०१० च्या मनिला दुरुस्तीनंतरही माणूस बोटीवरच आहे असे धरून लिहिलेला आहे, आणि त्या खोलीत बसणाऱ्याला नेमके काय यायला हवे हा प्रश्न मला तिकडे ओढतो आहे.

गेल्या वर्षी भूमध्य समुद्राच्या पूर्वेला भर रात्री जीपीएसने आमची बोट बेरूतच्या विमानतळावर नेऊन ठेवली. पडद्यावर सगळे नीटनेटके दिसत होते. मी रडारवर किनारा पाहिला, होकायंत्रावरून दिव्यांच्या दिशा घेतल्या आणि नकाशावर बोट पुन्हा पाण्यात आणली; ते जमले, कारण कॅडेट असताना कंटाळवाण्या पाळ्यांत तेच हजार वेळा केले होते. ते कंटाळवाणे तास यंत्राने घेतल्यावर नव्या पोरांनी पडद्यावर अविश्वास ठेवायला शिकायचे कुठे? तुम्ही नांगर टाकल्यावर साखळीवर पाय ठेवून तो धरला की घसरतो आहे ते सांगायचात, ते हॉर्टेनच्या खोलीत बसून कसे कळणार? सारंगाची विद्या जुनी झाली, असे कृपा करून मनात आणू नका. उलट तीच घेऊन मी जात आहे. ओटीच्या खांबाला दोर बांधून, डोळे मिटायला लावून तुम्ही गाठी शिकवल्यात, आणि चुकले की मुंडावळीसारखा तो दोर माझ्याच कपाळाला बांधायचात, ते मला अजून आठवते.

आई, खोली उबदार आहे, स्वयंपाकघर दोघींत मिळून आहे, तांदूळ मिळतात; आमसुले आणि कुळथाचे पीठ मात्र तुझेच नेईन. बोटीवरच्यापेक्षा झोप नक्की चांगली लागेल, शिवाय रोज फोन करता येईल. गणपतीला मी नसेन, हे लिहिताना हात अडखळतो. आरती फोनवर दाखव, पण त्यासाठी दादाला घाई करू नकोस.

आता ऐका. बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन मी जाण्याआधी चिपळूणला व्हायलाच हवे. तारीख मी घेतली आहे. कौले शाकारायला गडी लावायचा, बाबांनी शिडीला हात लावायचा नाही. आईने रक्तदाबाची गोळी उपास असला तरी घ्यायची. बोलणे जरा कडक झाले, पण मला दुसरे सुचत नाही.

आणि बाबा, साखळीचे जे काही पायाला कळते ते एका वहीत उतरवून ठेवा. तुम्ही सांगा, आई लिहील. तुमचे अक्षर मला अजूनही लागत नाही.

तुमची,
बाय