सुरुवात रिठ्यापासून करा, चेहऱ्यापासून नको

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर उटण्याच्या पाकिटांबरोबर ‘घरातली सगळी रसायने फेका’ असे सल्लेही सुरू होतात. एका रविवारी सगळे बदलले की महिन्याभरात जुने सगळे परत येते. आहे ते संपू द्यावे आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. बिघडले तर कशाने, हे तरी कळते.

पहिला मान कपड्यांचा. 10-12 रिठे फोडून बिया काढाव्यात. टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर 15-20 मिनिटे उकळावीत. पातेले मोठे घ्यावे, फेस उतू जातो. निवल्यावर कुस्करून गाळावे. हे पाणी बाहेर दोन दिवसांत आंबते, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, रिठ्याचा होत नाही. रेशमी आणि लोकरी कपड्यांना तो मानवतो, कारण साबणासारखा अल्कधर्मी नसतो. सराफही दागिने त्यानेच उजळतात. पण पांढऱ्या सुती कपड्यांवर पिवळट झाक येऊ शकते, आणि आमटीचा डाग रिठ्याने जात नाही. तिथे धुण्याचा सोडाच लागतो. सोड्याने हळदीचा डाग लाल होतो. घाबरू नये, कडक उन्हात तो फिका पडतो.

फरशीसाठी सालींचे एन्झाइम, म्हणजे गूळपाण्यात साली आंबवून केलेले द्रावण, घरी करणारे बरेच आहेत. प्रमाण 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबू-संत्र्याच्या साली, 1 लिटर पाणी. मुदत तीन महिने. बाटली प्लास्टिकचीच हवी, वरचा भाग रिकामा ठेवावा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करावे, नाहीतर वायूने ती फुटते. हे द्रावण आम्ल असते. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड. त्यांवर ते किंवा व्हिनेगर वापरले तर चकाकी कायमची जाते. तिथे साधे पाणीच बरे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा हौशी प्रयोगही व्यर्थ: फसफस दिसते, पण दोघे एकमेकांना मारतात आणि उरते ते जवळजवळ खारट पाणी.

चेहऱ्याची पाळी सर्वांत शेवटी. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, म्हणून खाण्याचा सोडा तिला कोरडी करतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. हळद, वाळा, नागरमोथा घातलेले उटणेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. कोरडेच साठवावे, लागेल तेवढेच भिजवावे. सनस्क्रीन मात्र बदलू नये. खोबरेल तेल त्याची जागा घेत नाही.

आणि जुने ब्लीच संपेपर्यंत त्याच बादलीत लिंबू, व्हिनेगर किंवा एन्झाइम ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आपला,
एक वाचक