ॲमस्टरडॅमला होकार कळवल्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे सांगायचे धाडस झाले नाही, ते लिहिते आहे. ॲमस्टरडॅमच्या दोन वर्षांच्या संशोधनवृत्तीला मी होकार कळवला आहे आणि सांगलीतली कायम नोकरी नाकारली आहे. आधी विचारले असते तर तुम्ही ‘जा’ म्हणाला असतात आणि रात्रभर जागला असतात, म्हणून विचारले नाही. तरीही ते माझे चुकलेच.

बाबा, मी ज्यावर संशोधन करणार आहे तो अराज्यवाद म्हणजे जाळपोळ नव्हे. डोक्यावर कोणाची सत्ता नसताना माणसे आपसांत न्यायाने कशी राहतील, हा त्यातला प्रश्न आहे आणि तो मला पुस्तकांच्या आधी आजोबांच्या कुंडलच्या गोष्टींत भेटला. १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात गावची भांडणे इंग्रजांच्या कोर्टात न जाता न्यायदान मंडळापुढे मिटत असत. ते सरकारच होते, अराज्य नव्हे, हे मला कळते. पण प्रश्न तिथूनच मनात शिरला.

आई, बायकांच्या विरोधातले वाचण्यात मी आयुष्य का घालवते, असे तू विचारलेस. प्रुदाँ या फ्रेंच विचारवंताने १८४० मध्ये स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले, आणि तोच बाईला गृहिणी किंवा वेश्या याखेरीज तिसरी वाट नाही म्हणत राहिला. पूर्ण अराज्यवादी व्हायचे तर पुरुषाने चालवलेले बाईचे शोषणही नाकारावे लागेल, असे देजाक या दुसऱ्या फ्रेंच अराज्यवाद्याने त्याला १८५७ मध्ये खडसावले. पुढे १९०८ साली लंडनमध्ये तर बायकांनीच बायकांच्या मताधिकाराविरुद्ध लीग उभारली. हे वाचताना मला आजी आठवते. भूमिगतांना रात्री भाकरी पोचवणारी आजी तुझ्या बीएडला आडवी आली, आणि तरीही मी तिच्याच कुशीत वाढले. तिला दुष्ट ठरवून मला काहीच समजणार नाही. अराज्यवादी कार्यकर्त्या एमा गोल्डमन यांची कागदपत्रे ॲमस्टरडॅमच्या ज्या सामाजिक इतिहास संस्थेत आहेत, तिथे बसून मला हा गुंता सोडवायचा आहे.

खोलीत गॅस आहे, हीटर आहे, मेतकूट आणि भाजणी मी बांधून नेणार आहे, तेव्हा माझ्या जेवणाची काळजी करू नका. पूर बघायला नेताना बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि मी त्यांचे केस घट्ट धरायची. त्या उंचीवरून कधीच भीती वाटली नाही.

आता माझे ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी चहाबरोबरच घ्यायची, बरे वाटले म्हणून सोडायची नाही. पुढच्या पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेले की ४५च्या धोका पातळीची वाट न पाहता विश्रामबागेत मावशीकडे जायचे; २०१९ सारखे माळ्यावर बसून राहिलात तर मला तिथे घास उतरणार नाही. मी सप्टेंबरात निघेन, तोवर दीड महिना घरीच आहे. आई, गुडघे दाखवायची तारीख त्याच दिवसांतली घे, मी सोबत येते.

तुमची,
छकुली