बाबा, टबात बसून पाहिलं

पुणे, डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर अंगणात गरम पाण्याचा टब बसवायचा विषय काढला की आई मागून "कायले पैशे पान्यात घालता" म्हणते, बाबा हसतात, आणि बोलणं संत्र्याच्या भावावर जातं. म्हणून सगळं कागदावर लिहून पाठवते आहे. बाबांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि मधलं काही गाळू नये.

लग्नाच्या वेळी त्या रिसॉर्टवर बाबा गरम टबात बसले आणि दुसऱ्या दिवशी कठडा न धरता जिना उतरले, हे मीही पाहिलं आहे. त्यामुळे "आंबिया बहाराचा संत्र्याचा माल बरा गेला तर अंगणात एक बसवू, पण तू आधी बसून पाह्य अन् मंग सांग" असं बाबा म्हणाले तेव्हा मला हसू आलं नाही. आयुष्यभर बगीच्यात उकिडवं बसून आळी केलेल्या माणसाच्या गुडघ्यांना सुख मिळत असेल तर खर्चाचा विचार नंतर करू.

इथे बहुतेक दुकानांत टब कोरडा ठेवलेला असतो. चपला काढून आत बसायचं, दुकानदारानं रंगीत दिव्यांचा व्हिडिओ दाखवायचा आणि आपण मान डोलवायची. मी फोनवरच विचारत होते, पाणी भरून, तापवून, पंप चालू करून बसू द्याल का? काहींनी नुसते फोटो पाठवले. एकानं मात्र सांगितलं, आदल्या दिवशी कळवा, पाणी तापायला वेळ लागतो. मला तोच माणूस खरा वाटला. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि दादाच्या जुन्या हाफ पँटीसकट तुमच्या जावयांना घेऊन गेले. जावई तुमच्या उंचीचे आहेत आणि मी आईएवढी, म्हणजे दोघांचं माप एकदमच झालं.

टब चार माणसांचा होता, साधारण दोन मीटर लांब-रुंद. आत प्रत्येक बसायची जागा वेगळी असते, कुठे खोल, कुठे उथळ, एक तर चक्क आडवं पडायची. दुकानदार त्या आडव्या जागेचंच कौतुक करत होता. मी तिथे पडले, त्यानं पंप चालू केला, आणि पायांवर पाण्याचा झोत आल्याबरोबर मी वर तरंगायला लागले. हातांनी कडा धरून ठेवावी लागली. आई, तू तिथे पडलीस तर सगळा वेळ स्वतःला खाली दाबण्यातच जाईल. कोपऱ्यातल्या खोल जागेवर बसले तर पाणी माझ्या हनुवटीला लागलं, आणि त्याच जागेवर जावयांना छातीपर्यंतच आलं. म्हणजे बाबांची जागा ती, आईची समोरची उथळ. चार माणसांच्या टबात तुम्हा दोघांना नीट बसता येतील अशा जागा दोनच निघाल्या, पण तेवढ्या पुरे आहेत.

झोतांचं तंत्र बाबांना एका वाक्यात कळेल. ठिबकवर खत सोडायला आपण जी व्हेंच्युरी लावतो, तीच ही. पाणी अरुंद तोंडातून जोरात जातं, तिथला दाब घटतो, आणि आपल्याकडे खत ओढलं जातं तशी इथे हवा ओढली जाते. पाणी आणि हवा मिसळून अंगावर आदळतात. आणि या टबाला लोक ज्या नावानं ओळखतात ते जकूझी हे एका घराण्याचं आडनाव. इटलीहून अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेलेले सात भाऊ. आधी त्यांनी विमानांचे पंखे केले, मग शेतीचे पंप. त्यातल्या एकाच्या लहानग्या मुलाला संधिवात होता. दवाखान्यातला पाण्याचा शेक घरच्या टबातच देता यावा म्हणून त्या पंपवाल्या बापानं एक छोटा पंप तयार केला आणि 1956 साली तो बाजारात आणला. आख्खा टब पुढे 1968 मध्ये आला. मोटर-पंपाशी झगडणाऱ्या माणसानं पोरासाठी केलेली वस्तू आहे ही. श्रीमंतांचे चोचले म्हणून आई नाक मुरडते, त्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

पण बाबा, गुडघ्यासाठी म्हणाल तर झोत फार उपयोगी नाहीत. बहुतेक तोंडं पाठीवर, मानेवर आणि तळपायांवर येतात. गुडघ्यावर नेमका झोत येईल अशी एकच जागा सापडली, आणि सगळी तोंडं एकदम उघडली की तिथला जोर निम्म्यावर येतो. मग मी पंप बंद करायला लावला आणि नुसती बसून राहिले. दुकानदार जरा गोंधळला. आराम खरा तेव्हा वाटला. सांध्यांचं काम कोमट पाणीच करतं. स्नायू सैल होतात, आणि पाणी शरीराला उचलून धरतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी गुडघ्यांवरचा भार निम्म्यावर येतो. रिसॉर्टवर तुम्हाला जे बरं वाटलं ते बहुधा फेसापेक्षा या पाण्यामुळेच. हे कळलं म्हणून पुढे पन्नास झोतांचा महागडा टब मी बघितलाच नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. टबाची भिंत माझ्या कमरेच्या जरा खाली, पंचाऐंशी-नव्वद सेंटिमीटर. बाहेर दोन पायऱ्यांचा स्टूल ठेवतात. आत जाताना कडेवर बसायचं, एक पाय आत टाकायचा, मग दुसरा. जमतं. बाहेर येताना मात्र पाय ओले, कडा गुळगुळीत, आणि गुडघा पूर्ण वाकवून सगळा भार एका पायावर घ्यावा लागतो. मी जावयांना सांगितलं, तुमचा उजवा गुडघा दुखतो असं समजून बाहेर या. ते दोन्ही हातांनी कडा धरून, तिरपे होऊन आले, आणि वर आल्यावर म्हणाले, बाबांना हे एकट्यानं नको. बाजूला पकडायला दांडा बसवून मिळतो, तो घ्यावाच लागेल. तरीही तुमचा गुडघा किती वाकतो हे जावयांच्या गुडघ्यावरून कसं कळणार?

त्यात गरम पाण्याचा गुण असा की रक्तवाहिन्या पसरतात आणि बीपी उतरतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आणखी उतरतं, आणि पाण्यातून चटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अमेरिकेत या टबांना 40 अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा धरतात. तुमच्या वयाला त्याहून दोन-चार अंश खालीच बरं, आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आई, तुझ्या शुगरमुळे तळपाय बधिर असतात. पाणी किती कढत आहे ते तुझ्या पायांना कळणार नाही, हाताच्या कोपरानं बघावं लागेल. पायाला भेग किंवा जखम असेल त्या दिवशी उतरायचंच नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर दोघांनीही नाही.

बसवायचं म्हटलं तर अंगणाचाही विचार आहे. अकराशे लिटर पाणी म्हणजे अकराशे किलो, त्यात टब आणि माणसं धरली तर दीड टन कुठेच गेलं नाही. गच्चीवर ठेवायचं डोक्यातून काढा. खाली ठेवला तर आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गोठ्याच्या फरशीचं काय झालं ते दिसतंच आहे. माती उकरून, मुरूम भरून, धुम्मस करून वर काँक्रीट टाकावं लागेल, नाहीतर टब एका अंगाला कलेल.

विजेचा हिशेब मी मांडला. थंडीत बोअरचं पाणी 22 अंशांचं धरलं आणि 38 पर्यंत तापवलं, तर अकराशे लिटरला वीस युनिट लागतात. तीन किलोवॅटच्या हीटरला सात तास. एकदा तापलं की जाड झाकणामुळे रोज थोडीच वीज लागते, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आपल्याकडे पंखासुद्धा कण्हतो, तिथे हीटर आणि पंप कसे चालायचे? आणि बाबा, शेतीच्या लाइनवरून वायर ओढू असं मनात आलं असेल तर ते आत्ताच विसरा. पाण्यात बसायची वस्तू आहे. चांगलं अर्थिंग आणि करंट उतरला की लगेच लाइन तोडणारा ब्रेकर, याशिवाय मी तुम्हाला त्यात पाय ठेवू देणार नाही.

पाण्याबद्दल मात्र आईचं मला पटलं नाही. "इथं वरूड-मोर्शी डार्क झोन, बोअर हजार फुटावर, अन् याईले पोहाले पाहिजे" हे ऐकायला बरोबर वाटतं. डार्क झोन म्हणजे जमिनीतलं पाणी बेसुमार उपसलेला भाग, हे खरंच आहे. पण टबातलं पाणी रोज बदलत नाहीत. क्लोरीन टाकून, गाळणी धुऊन तीन-चार महिने तेच चालतं. मोठं संत्र्याचं झाड मे महिन्यात दिवसाला शंभरावर लिटर पिऊन जातं. म्हणजे एकदा टब भरणं हे दहा झाडांचं एका दिवसाचं ओलीत. त्यानं बगीचा वाळत नाही. खरी अडचण आपल्या पाण्याच्या जडपणाची आहे. आईच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच हीटरवर आणि झोतांच्या तोंडात बसेल. आणि टबातून काढलेलं पाणी लगेच झाडांना सोडता येणार नाही. क्लोरीन उडून जाईपर्यंत ते उघडं ठेवावं लागतं, आणि संत्र्याला क्षार सोसत नाहीत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. क्लोरीन कमी पडलं तर कोमट पाण्यात जंतू वाढतात. आठवड्यातून दोनदा पट्टी बुडवून रंग बघायचं काम कोण करणार, हे तुम्ही दोघं ठरवा. माझ्या मते आई करेल आणि बाबा टबात बसतील.

दुकानदाराला मी शेवटी विचारलं, गावात बिघडला तर माणूस कोण पाठवणार? तो म्हणाला, पार्ट कुरिअरनं येईल, बसवायला लोकल प्लंबर बघा. आपला प्लंबर मोटर उत्तम बांधतो, पण याचं सर्किट बोर्ड उघडून बसलेला मला डोळ्यांसमोर येईना.

हवा भरायचा स्वस्त टबही ओळखीच्यांकडे बसून पाहिला. त्यात बसायला उंचवटा नाही, तळाशीच बसायचं. बाबांना उठवायला दोन माणसं लागतील, तो नकोच. दार असलेला उंच टब न्हाणीत बसतो, ओलांडावं लागत नाही, पाणीही फार कमी लागतं. पण दार लावून आत बसायचं आणि मग पाणी भरायचं, आणि सगळं पाणी उतरल्याशिवाय दार उघडत नाही. थंडीत तेवढा वेळ उघड्या अंगानं कुडकुडायचं. तरी बाबांच्या गुडघ्यासाठी मला तोच जास्त शहाणपणाचा वाटतो. बाबांना तो आवडणार नाही, कारण त्यात बसून लिंबाखालची गार हवा मिळत नाही आणि शेजारचे काका बघायला येत नाहीत.

आणि उन्हाळ्याचं कोणी बोलतच नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 ला टेकला की गरम पाण्यात कोण बसणार? धरून चाला, वर्षातले चार महिनेच वापर. आई म्हणते तसं सालबर्डीच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन यावं, तर शिवरात्रीच्या जत्रेची गर्दी टाळून खरंच जाऊन या. पण तिथल्या दगडांवरही घसरायला होतं, कोणाला तरी सोबत न्या.

म्हणून आत्ता माझं मत असं: बयाना द्यायचा नाही. नागपूरला एका दुकानात दोन्ही प्रकारचे टब पाणी भरून दाखवतात, मी बोलून ठेवलं आहे. आंबियाची तोड झाली की तुम्ही दोघं या, मी तिथे पोचते. बाबांनी स्वतः आत जायचं, बसायचं आणि माझ्या हाताला न धरता बाहेर यायचं. मी बाजूलाच उभी असेन. जमलं नाही तर दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून हो म्हणायचं नाही. आईनंही बसायचं आहे, काठावर पर्स धरून उभं राहायचं नाही. जुना पंजाबी ड्रेस आण, दोघांचे टॉवेल आण. त्याआधी अमरावतीला डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, कोमट पाण्यात बसलेलं चालेल का, किती वेळ, ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या. फिजिओथेरपीवाल्यांकडे गरम पाण्याचा हौद कुठे आहे का, तेही विचारा. आठवड्यातून दोनदा तिथे जाणं या सगळ्यापेक्षा सोपं पडू शकतं.

व्यापारी माल कधी उचलतो ते कळवा, त्याप्रमाणे मी रजा टाकते.

तुमची लेक