रंग नंतर निवडा, आधी ग्रेमध्ये बघा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत डिझाइन प्रोजेक्टसाठी रंग कसे निवडायचे यावर लेख आला होता, मी बरीच वर्षं हेच काम करते म्हणून आवर्जून वाचला. लेख मनापासून लिहिलाय यात शंका नाही, पण लाल म्हणजे जोश, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे शांतता असा जो तक्ता दिलाय ना, त्याच्यावर विसंबून नवीन मुलं कामाला लागली तर पहिल्याच प्रोजेक्टला अडकतील, म्हणून हे पत्र. निळा म्हटला तरी कुठला निळा? आकाशासारखा फिका, शाईसारखा गडद, की डोळ्यात खुपणारा? आणि तो किती जागेत, कशाच्या शेजारी? हे ठरल्याशिवाय त्या एका शब्दाला काही अर्थ उरत नाही.

मला सगळ्यात खटकलं ते हे, की अख्ख्या लेखात उजळ-गडद हा विषयच नाहीये. रंगाला तीन बाजू असतात, एक म्हणजे तो कुठला रंग आहे, दुसरं म्हणजे किती भडक आहे आणि तिसरं म्हणजे किती उजळ आहे, आणि वाचता येणं न येणं हे जवळपास सगळं या तिसऱ्या गोष्टीवर ठरतं. पांढऱ्यावर शुद्ध पिवळी अक्षरं टाकून बघा, रंग तर अगदी वेगळे आहेत तरी वाचता येत नाही कारण दोन्ही जवळपास सारखेच उजळ आहेत. हे मोजताही येतं. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे नियम 2008 पासून चालत आलेत त्यात साध्या अक्षरांसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण, कमीत कमी 4.5 ला 1 हवा असं आहे, मोठ्या अक्षरांना 3 ला 1 चालतो, आणि पांढऱ्यावर काळं म्हणजे 21 ला 1. आता पांढऱ्यावर पिवळा 1.1 सुद्धा भरत नाही, पडद्यावरचा शुद्ध हिरवा 1.4 च्या आसपास, आणि शुद्ध लाल, जो आपल्याला इतका ठसठशीत वाटतो, तो जेमतेम 4! म्हणजे बारीक अक्षरांसाठी तोही नापास. त्याउलट शुद्ध निळा साडेआठच्या पुढे जातो. कारण आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो, त्याखालोखाल लाल, आणि निळ्याला अगदीच कमी.

म्हणून मी शिकाऊ मुलांना सांगते की आधी सगळं डिझाइन नुसत्या ग्रेमध्ये करा, हेडिंग कुठलं, बटण कुठलं, नजर आधी कुठे जाते हे रंगाशिवाय कळायला हवं, ते जमलं की मगच रंग घाला आणि घालून झाल्यावर स्क्रीनशॉट परत ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, रंग कुठला, किती भडक, किती उजळ हे आकड्यांत सांगणाऱ्या नेहमीच्या एचएसएल पद्धतीत पिवळ्याचा आणि निळ्याचा उजळपणा दोन्हीकडे 50 टक्केच लिहून येतो पण डोळ्याला एक झगझगीत दिसतो आणि दुसरा गडद.

हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीच्या काळात एका टीमसाठी मोठा रिपोर्ट केला होता, त्यात कामं वेळेत असली की हिरवा ठिपका, लांबली की लाल, आणि दोन्ही छटा मी अगदी मेहनतीने एकसारख्या मऊ, एकसारख्या उजळ ठेवल्या होत्या कारण शेजारी शेजारी सुंदर दिसत होत्या. मीटिंग झाली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि नंतर एक सिनियर सहकारी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ठिपके छान आहेत पण मला सगळे एकाच रंगाचे दिसतात गं. त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही आणि इतकी वर्षं ते असे तक्ते शेजारच्या माणसाला विचारून वाचत होते. मला रात्री झोप लागली नाही. ही अडचण बहुतेक वेळा जन्मजात असते, तिचे जीन्स एक्स क्रोमोसोमवर असतात म्हणून पुरुषांमध्ये खूप जास्त, युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये तर साधारण 12 पुरुषांमागे 1 आणि 200 बायकांमागे 1. दुसऱ्या दिवशी मी लांबलेल्या कामांचा ठिपका काढून गडद त्रिकोण केला आणि बाजूला शब्दही लिहिला. रंग तेवढाच बदलला असता तरी थोडं भागलं असतं पण आकार आणि शब्द असले की रंगावर सगळा भार राहत नाही.

शेजारच्या रंगाचंही लेखात यायला हवं होतं. फ्रान्समध्ये गोबेलाँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले केमिस्ट शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर काळ्यात दोष नव्हताच, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता, आणि 1839 मध्ये त्यांनी यावर सगळं सविस्तर मांडलं. म्हणजे छोट्या स्वॅचवर, म्हणजे रंगाच्या नमुन्याच्या तुकड्यावर, एकेक रंग पसंत करून काही होत नाही, खऱ्या लेआउटमध्ये, खऱ्या मजकुरासकट, खऱ्या आकारात लावून बघावं लागतं, मोठ्या जागेवर तोच रंग फार भडक वाटतो आणि बारीक रेषेत गायब होतो.

60-30-10 चा फॉर्म्युला, म्हणजे 60 टक्के जागेत पायाचा रंग, 30 टक्क्यांत जोडीचा आणि 10 टक्क्यांत उठावाचा, लेखात आहे तो सुरुवातीला बरा, पण मी उलटीकडून जाते, त्या 10 टक्क्यांपासून. वापरणाऱ्याने नेमकं काय दाबायचंय किंवा काय बघायचंय तेवढ्यापुरता एक ठळक रंग, आणि तो दुसरीकडे कुठेही सजावटीला वापरायचा नाही. बाकी ग्रे आणि एखादा शांत रंग पुरतो. चूक आणि इशारा यांचे रंगही त्याच वेळी ठरवायचे, नाहीतर मुख्य रंग लाल घेतला आणि मग एररचा मेसेज उठूनच दिसत नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

छपाईचं तर तुमच्या प्रेसमधल्या मंडळींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पडद्यावर रंग प्रकाशाचा असतो, कागदावर शाईचा, त्यामुळे चमकता हिरवा नि विजेसारखा निळा कागदावर तसाच्या तसा येत नाही, त्यात न्यूजप्रिंट मुळात करडट आणि शाई शोषणारा.

म्हणून एक विनंती आहे. त्याच पुरवणीत पान 3 वर जो ग्राफ होता त्यात पाच रेषा आणि त्यांच्या रंगांची यादी कोपऱ्यात होती, लाल, हिरवी आणि तपकिरी रेष तर मलाही दोनदा तपासावी लागली. पुढच्या वेळी प्रत्येक रेषेचं नाव रेषेच्या टोकालाच छापाल का? आणि एखादी रेष तुटक, एखादी जाड केलीत तर अजून बरं, माझे ते सहकारी तुमचा पेपर रोज वाचतात.

आपली,
एक वाचक आणि ग्राफिक डिझायनर