‘अवतार’ आणि ‘तारण’: दोन शब्दांचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या पुरवणीतील लेखात येशूच्या जन्माला सरसकट ‘अवतार’ म्हटले आहे, आणि तारण म्हणजे सदाचाराची शिकवण, असे सांगून लेख संपवला आहे. हेतू चांगला, पण दोन्ही शब्द वाचकाला भलतीकडे नेतात.

अवतार म्हणजे खाली उतरणे, इतपत शब्द जुळतो. गीतेतला (४.८) अवतार मात्र युगायुगात होतो, साधूंच्या रक्षणासाठी नि दुष्टांच्या नाशासाठी. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा पुत्र एकदाच माणूस होतो आणि मरतो तो पाप्यांसाठी, ते पापी असतानाच (बायबल, रोम ५:८). मेलेल्यांतून पुन्हा उठल्यावरही देह टाकत नाही. शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो (लूक २४:४२-४३). म्हणून ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) ‘देहधारण’ म्हणतात. त्यातल्या ‘धारण’मुळेही अंगरखा चढवल्यासारखे वाटते, ते सोडा. योहान १:१४ मधले ‘शब्द देही झाला’ सर्वांत नेमके. तिथेच पुढे ‘वस्ती केली’ आहे. मूळ ग्रीक क्रियापद डेरा टाकण्याचे. लोणंदच्या पालखीतळावर राहुट्या पडतात, तसा तो माणसांच्या रांगेत उतरला.

एवढा काथ्याकूट कशाला, तर तारण, म्हणजे पापातून सुटका, त्यावरच उभे आहे. देह भास मानला, की वधस्तंभावरचे मरणही भास ठरते. नुसता माणूस मानला, तर ते हुतात्म्याचे मरण. त्याने दुसऱ्याचे पाप फिटत नाही. म्हणून निकियाच्या धर्मगुरूंच्या परिषदेने (इ. स. ३२५) पुत्र खरा देव असल्याचे आणि खल्किदोनच्या परिषदेने (४५१) तो एकच व्यक्ती, पूर्ण देव व पूर्ण मानव असल्याचे ठरवले. मधल्या काळात ख्रिस्ताला मानवी मन नव्हते, असे मांडणारेही निघाले. नाझियान्झसच्या ग्रेगरी या चौथ्या शतकातल्या धर्मगुरूने त्यांना वैद्याच्या भाषेत उत्तर दिले: माणसातले जे ख्रिस्ताने घेतले नाही, ते बरेही झाले नाही. भूक, थकवा, मोह, मरण हे सगळे त्याच्या वाट्याला आले. पाप तेवढे नाही (इब्री ४:१५).

आता ‘तारण’. आपल्या सांगलीत हा शब्द ऐकला की सोने तारण नाहीतर गोदामातली हळद आठवते. माल ठेवा, पावती घ्या, किमतीच्या अमुक टक्के उचल मिळवा. ख्रिस्ती तारण हे बुडत्याला तारण्यातले. तिथे ठेवायला आपल्याकडे माल नाही; उपास, दानधर्म, रविवारची हजेरी, काहीच गहाण चालत नाही. इफिसकरांच्या पत्रात (२:८-९) ते कृपेचे दान म्हटले आहे, विश्वासाने घ्यायचे. सत्कर्मे लगेच पुढच्या ओवीत, माफ करा, वचनात येतात. लेखात हाच क्रम उलटला आहे.

मथळ्यात ‘अवतार’ ठेवायचाच असेल, तर पुढच्या वर्षी मजकुरात निदान ‘एकदाच’ एवढा शब्द घालावा.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)