हक्कसोडीच्या आधी

तुरिन, ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दिवाळीत आलीस की तेवढं हक्कसोडीचं उरकून टाकू." मी "हो, बघू" म्हणून आईकडे फोन द्यायला लावला. तुम्ही स्पीकर चालू ठेवता, मग ओट्यावर बसलेले चार जण मधे बोलतात, आणि जमिनीतला माझा हिस्सा दादासाठी सोडायचं हे चारचौघांत बोलायचं नाही. म्हणून लिहितेय. दादाला प्रिंट काढून आणायला सांगा. मोबाइलवर वाचायला घेतलंत तर निम्म्यात चष्मा काढून ठेवाल.

आधी तुमच्या आवडीचं. नुकतीच मी इथल्या द्राक्षबागा बघून आले. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीचं घर बार्बारेस्को गावाजवळ आहे, तुरिनहून गाडीने तास-सव्वा तास. त्यांची स्वतःची बाग आणि स्वतःची वाइनरी. आई, दचकू नकोस, बाबांच्या गळ्यातली माळ माझ्या लक्षात होती. चव घेऊन थुंकायला इथे टेबलावर भांडंच ठेवलेलं असतं आणि बरेच लोक खरंच थुंकतात. मी थुंकले की नाही ते दिवाळीत विचार.

वाइनरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गंगापूर धरणाकडचा तो पसारा येईल, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते तो. हे तसं नाही. खाली तळघर, वर घर, अंगणात ट्रॅक्टर, आणि बेल वाजवली की ॲप्रनला हात पुसत मावशीच बाहेर येतात. आसपासच्या टेकड्यांवर अशीच घरं आहेत. आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, आणि तोडणीच्या दिवसांत पुष्कळ जण पाहुणे घेतच नाहीत. आम्ही घरचे म्हणून आत आलो, आणि चहापाण्याआधी हातात कात्री पडली.

बाबा, ही बाग तुम्ही बघायलाच हवी. हा सगळा मुलूख, म्हणजे लान्गे, नुसत्या टेकड्यांचा आहे. 2014 साली युनेस्कोने इथल्या द्राक्षबागा जागतिक वारशात घेतल्या. कुठे काय लावायचं ते उताराचं तोंड बघून ठरतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, बर्फ आधी वितळतो त्या उतारावर नेब्बिओलो, ही वाइनच्या द्राक्षाची इथली मानाची जात. कमी उन्हाच्या जागी बार्बेरा किंवा दोल्चेत्तो या जाती. उत्तरेच्या अंगाला हेझलनट. मांडव नाही की वाय आकाराचे खांब नाहीत, सरळ तारा. वेलीवर आठ-दहा डोळ्यांची एकच काडी ठेवतात आणि पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा खुंट. छाटणी एकदाच, थंडीत, वेल झोपलेली असताना. एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी करतो म्हटल्यावर मावशींचे यजमान माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मी ठिबकची नळी शोधत होते, ती कुठेच नव्हती. बाग पावसावरच.

आता उत्पन्न ऐका. बार्बारेस्को हे नाव बाटलीवर लावायचं तर हेक्टरी 8 टनांच्या वर द्राक्षं घ्यायची नाहीत, असा नियमच आहे. एकरी साधारण सव्वातीन टन! जास्तीचे घड भर उन्हाळ्यात कापून खाली टाकतात. तुमच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला असेल, म्हणून पुढचंही सांगते. तोडणी झाली म्हणजे पैसे आले असं नाही. वाइन निदान 26 महिने ठेवावी लागते, त्यातले 9 महिने लाकडात. शेजारच्या बारोलो गावच्या वाइनला तर 38 महिने. तळघरात माणूस उभा राहील एवढाली ओकची पिंपं बघून मला आपला तो व्यापारी आठवला, माल गाडीत भरून गेला आणि नंतर फोन उचलेना तो. इथे माल निदान आपल्याच घरात, आपल्याच कुलपात असतो. पण दोन वर्षं कळ काढायला घरात दुसरा पैसा लागतो.

तो पैसा कुठून आला, तर न्यूटेलातून. इथून जवळच आल्बा नावाचं गाव आहे, तिथे 1946 पासून न्यूटेला बनवणाऱ्या फेरेरो कंपनीचा कारखाना आहे. युद्धानंतर या टेकड्यांवर इतकी गरिबी होती की तरुण पोरं तुरिनला मोटारींच्या कारखान्यात निघून चालली होती. फेरेरोने गावोगाव बसगाड्या पाठवल्या. पाळी करायची आणि रात्री घरी यायचं, त्यामुळे लोकांना जमीन सोडावी लागली नाही. मावशींच्या यजमानांनी उमेदीची सगळी वर्षं अशीच काढली, सकाळी चॉकलेट आणि संध्याकाळी बाग. मावशी दिवसभर बागेत. वाकवलेली काडी तारेला बांधणं हे पूर्वी इथे बायकांचंच काम. बांधायला दोरी नव्हती, वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या वापरायच्या, म्हणून बागेच्या कडेला वाळुंज लावलेली असे. त्यांच्याकडचं एक झाड अजून आहे. मावशींनी एक फांदी तोडली, तारेभोवती दोनदा फिरवली, अंगठ्याने पीळ देऊन टोक आत खोचलं. मी केलेली गाठ हात काढताच सुटली. त्यांचा अंगठा मुळाशी सुजलेला आहे, नीट मिटत नाही. आई, तुझा डावा हात आता कसा आहे? डॉक्टरांकडे गेलीस की नुसतं बाम चोळतेस?

रोगराई मात्र ओळखीची निघाली. डाऊनी बुरशीला हेही घाबरतात आणि मोरचूद-चुन्याचंच बोर्डो मारतात. गोठ्याच्या जुन्या भिंतीवर एका उंचीपर्यंत निळे डाग आहेत, आपल्या मोटारघराच्या भिंतीवर आहेत तस्सेच. तुडतुड्यांनी पसरणारा एक पिवळा रोग आलाय, त्याला औषध नाही. तुडतुड्यांसाठी फवारणी सक्तीची आणि लागण झालेली वेल उपटायचीच. गारपिटीसाठी जाळ्या. मजुरांची बोंब इथेही आहे. तोडणीला पुष्कळदा मॅसेडोनियाकडचे लोक येतात, आणि मजुरांना लुबाडणाऱ्या मुकादमांच्या बातम्या अलीकडे इथल्या वर्तमानपत्रांतही आल्यात. पेठ-सुरगाण्याहून आपल्याकडे येणाऱ्यांना तुम्ही टोमॅटोच्या शेडमध्ये झोपवता, त्याबद्दल मी आधीच बोललेय, पुन्हा बोलत नाही.

तुम्ही सोसायटीत इतकी वर्षं संचालक होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. इथे एक सहकारी वाइनरी आहे. 1894 मध्ये दोमिझिओ कावाझ्झा नावाच्या माणसाने, आल्बाच्या वाइन-शाळेच्या मुख्याध्यापकाने, नऊ शेतकरी जमवून पहिली काढली. ती फॅसिस्टांच्या काळात बंद पडली. मग 1958 मध्ये गावच्या पाद्र्याने एकोणीस शेतकरी गोळा करून पुन्हा सुरू केली, आणि पहिली तीन वर्षं वाइन चक्क चर्चच्या तळघरात झाली. आज पन्नासच्या वर कुटुंबं त्यात आहेत. सभासदाने आपलं सगळं नेब्बिओलो तिथेच घालायचं. चांगला माल व्यापाऱ्याला आणि उरलेला सोसायटीला, ही आपली पद्धत तिथे चालत नाही. हसू नका, तुम्हीही केलंय.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

मावशींना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मिलानला बँकेत, धाकटा शिक्षक. मुलगी आल्बाच्या त्याच वाइन-शाळेत शिकून घरी आली आणि आज सगळं तीच बघते. बारोलोकडे जमीन हेक्टरी दहा लाख युरोंच्या पुढे गेलीय, बार्बारेस्को त्याच्या खालोखाल. एवढ्याशा बागेचे तीन तुकडे केले तर कुणाच्याच हाती काही राहत नाही, आणि एकीलाच द्यावी तर इथला कायदाही मुलांचा ठरलेला वाटा डावलू देत नाही. 2006 मध्ये इटलीत एक कायदा झाला. त्याने आई-बापांना जिवंतपणीच चालता धंदा एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करता येतो. बाकीच्यांचा वाटा ज्याने धंदा घेतला त्याने पैशात द्यायचा, किंवा त्यांनी आपखुशीने सोडायचा. नोटरीसमोर करार करावा लागतो आणि त्यात सगळ्या वारसांनी बसायलाच हवं. जोडीदारानेही. म्हणजे यजमान एकटे गेले असते तर काम झालंच नसतं, मावशींची सही लागली.

सगळं गोडीत झालं असं समजू नका. किंमत किती धरायची यावरून थोरला काही वर्षं नाताळला घरी आला नाही. बहीण अजून हप्ते फेडतेय. पण हे जेवणाच्या टेबलावर, आईबापांसमोर झालं. यजमान मला म्हणाले, "भांडले, पण मी समोर असताना भांडले."

आणि उलट गोष्टही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आल्बाच्या पलीकडे ला मोर्रा गावात एलिओ आल्तारे नावाच्या तरुणाने 1980च्या दशकात, फ्रान्स बघून आल्यावर, वडिलांची जुनी मोठी पिंपं करवतीने कापून टाकली. त्याला छोट्या नव्या पिंपांत वाइन करायची होती. वडिलांनी त्याला वारशातून काढलं आणि तशातच ते गेले. मग त्याने घरचीच जमीन भावंडांकडून विकत घेतली. आज तो बारोलोतला मोठा माणूस समजला जातो. वाइन कुणाची चांगली यावर लोक अजून वाद घालतात. माझ्या मनात दुसरंच आलं. वडिलांनी एकच पिंप त्याच्या हवाली केलं असतं तर?

दादा चाळिशीला आलाय, बाबा. औषध कोणतं मारायचं ते तुम्ही ठरवता, माल कुणाला द्यायचा ते तुम्ही, आणि छाटणीची तारीखही तुमचीच. विहिरीजवळच्या प्लॉटवर त्याला रंगीत वाण लावून वरून प्लास्टिक घालायचं होतं, तर "थॉमसनने तुम्हाला शिकवलं, तिला उपटता काय" म्हणून, आपल्या जुन्या थॉमसन द्राक्षाच्या नावाने, तुम्ही विषय संपवलात. थॉमसनने शिकवलं हे खरंच आहे, माझी इंजिनिअरिंगची फी त्याच बागेची. पण अवकाळीत मणी तडकले तेव्हा रात्री बॅटरी घेऊन बागेत कोण फिरत होतं, ते आईला विचारा.

मी सही करीन. मला जमीन कसायची नाही, विकायचीही नाही. 2005च्या कायद्याने आजोबांच्या जमिनीत माझा हिस्सा आहे हे मला कळतं, आणि तो मी दादाला द्यायला तयार आहे. पण आलीस की उरकून टाकू, असं नको. माहेरी आलेल्या मुलीला जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात न्यायचं, हे आपल्या गावात घरोघरी चालतं. आत्याचंही तसंच झालं आणि ती अजून बोलते. मला तसं बोलत बसायचं नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. विहिरीजवळचा प्लॉट दादाच्या नावावर करा, आणि तिथे तो काय लावतो ते बघायला बांधावर जाऊ नका. निदान पहिली दोन वर्षं. मी हक्क सोडला आणि सगळं पुन्हा तुमच्याच मुठीत राहिलं, तर माझ्या सहीचा दादाला काय उपयोग?

दुसरी गोष्ट आईची. सातबाऱ्यावर तिचं नाव लावा. तुम्ही तरुणपणी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरायचात. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावोगाव लोकांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या, हे मला तुम्हीच सांगितलंय, तेही अभिमानाने. आपल्या घरी ते राहून गेलं. मी एकदा आईला विचारलं तर म्हणाली, "मला काय करायचंय नाव." आई, तू असं म्हणशील हे मला माहीत आहे, आणि ते मी धरणार नाही. विरळणी, डिपिंग, मजुरांचा हजेरीपट, सगळं तू केलंस. बँकेत पीककर्जाच्या वेळी तुला बाहेर बाकड्यावर बसवतात.

वहिनीलाही त्या दिवशी बसायला बोलवा, स्वयंपाकघरातून ऐकायला लावू नका.

आई, तुझ्यासाठी एक बरणी आणतेय. इथे द्राक्षांचा रस तासन्‌तास आटवतात आणि त्यात नासपती, अंजीर, हेझलनट घालून घट्ट चटणीसारखं करतात. कोन्या म्हणतात त्याला. वाइन नाही त्यात, बाबांनाही चालेल. तुला आवडलं तर आपल्या उरलेल्या मालाचं करून बघू. बेदाण्याला जात नाहीत त्या बारक्या मण्यांचं होईल असं मला वाटतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोचतेय. भाऊबीजेनंतर चार दिवस रजा वाढवून घेतलीय, ती याच कामासाठी. दादाला म्हणावं, तलाठ्याकडे लक्ष्मीमुक्तीच्या अर्जाला काय काय लागतं ते विचारून ठेव आणि आईच्या आधार कार्डावरचं नाव एकदा तपास. मागे रेशनकार्डावर चुकलं होतं.

छाटणी आटोपली की फोन करा. स्पीकर बंद ठेवून.

तुमची,
बेबी